नंदू, तुझा प्रोसेसर

नंदू, काल संध्याकाळी घरात एक गोष्ट झाली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगायला तू नाहीस. म्हणून लिहितेय. मंडळाचे लोक म्हणाले, दिराबद्दल चार शब्द लिहून द्या, अंकात छापू. तो अंक टाईप मीच करते, तेव्हा त्यांना कसलं लिखाण हवं असतं ते मला पाठ आहे. जन्म कुठला, नोकरी कुठे केली, स्वभाव कसा मनमिळाऊ होता. तू मनमिळाऊ नव्हतास. तू हट्टी होतास, आणि तुझ्याशी दोन शब्द भांडल्याशिवाय मला सकाळचा चहा गोड लागायचा नाही.

तू गेलास तो रविवार होता. "सुरमई मिळाली तर सुरमई, नाहीतर बांगडे," असं म्हणत पिशवी घेऊन मुलुंडच्या बाजारात गेलास. मी इकडे वाटण करून ठेवलं. तू आला नाहीस, आपल्या नेहमीच्या मासेवालीचा फोन आला. ते वाटण नंतर किती दिवस फ्रीजमध्ये पडून होतं कोण जाणे. तुझ्या दादांनी ते कधीतरी मला न सांगता टाकून दिलं. त्या दिवसाबद्दल एवढंच. बाकीचं मला आठवायचं नाही.

समाचाराला लोक यायचे, बैठकीच्या खोलीत बसायचे आणि त्यांची नजर आधी तुझ्या फोटोवर आणि मग कॉम्प्युटरवर जायची. जाणारच. टेबलावर तो पोट उघडं टाकून बसला होता. एका बाजूचा पत्रा तू काढून भिंतीला टेकवलेला, आतल्या वायरी बाहेर आलेल्या, शेजारी वाटीत तुझे स्क्रू. माझी नणंद, म्हणजे तुझी ताई, हळूच म्हणाली, "वहिनी, ते जरा झाकून ठेव ना गं. बरं दिसत नाही." मी म्हटलं, "ते नंदूने उघडलंय. तोच बंद करेल." तोंडातून गेलं खरं.  ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला तिचा असा काही राग आला की मी उठून स्वयंपाकघरात निघून गेले. मला समजूत नको होती. तू आत येऊन, "माझ्या स्क्रूंना कोणी हात लावलाय?" म्हणून ओरडायला हवा होतास.

हे कॉम्प्युटरचं खूळ माझ्या डोक्यात घातलं कोणी? तूच. ओंकार शाळेत जायला लागला आणि मी दुपारभर घरात एकटी बसून भांड्यांवर राग काढायला लागले, तेव्हाची गोष्ट. तू कंपनीतून आलास, चहा घेतलास आणि म्हणालास, "वहिनी, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालीयस ना? मग ती बोटं काय लोणच्यात घालणार आहेस?" पुढच्याच महिन्यात सुटे भाग जमवून तू मला कॉम्प्युटर बांधून दिलास. माऊस हातात धरायला मी घाबरत होते. तू शेजारी स्टूल घेऊन बसायचास आणि माझं चुकलं की हसायचास. मी म्हणायचे, हसायचं असेल तर चालता हो. तू चालता व्हायचास आणि दारातून डोकावून सांगायचास, "डावं बटण, वहिनी. डावं. जेवायचा हात नाही तो." पहिलं काम मिळालं ते खालच्या मजल्यावरच्यांच्या नातवाच्या बारशाची पत्रिका. मग लग्नपत्रिका आल्या, सोसायटीच्या नोटिसा, गणपतीतल्या आरत्यांची पुस्तकं, आणि दरवर्षी आपल्या गावच्या जत्रेची पत्रिका. ती छापायला जायच्या आधी तू खुर्चीवर उभा राहून दशावतारातल्या राजाच्या थाटात मोठ्याने वाचून दाखवायचास, आणि त्या नादात चुका मात्र एकही पकडायचा नाहीस.

माझ्या हातात स्वतःचं काम आलं, माझ्या नावाने लोक घर विचारत येऊ लागले, ते तुझ्यामुळे. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती. मी तुला ताटात माशाची एक तुकडी जास्त वाढायचे आणि तू ती मुकाट्याने खायचास. लग्न का करत नाहीस असं कोणी विचारलं की तू माझ्याकडे बोट दाखवायचास, "एका बाईची बोलणी पुरेत मला." त्यावर मी तुला काय काय ऐकवलंय ते तुझं तुला ठाऊक.

आत्ताचा कॉम्प्युटर त्यानंतरचा, पण त्यालाही आता जमाना झाला. तो बदलता येत नाही याचं कारण माझा टायपिंगचा प्रोग्राम. त्याला एक कुलूप आहे, बोटाच्या पेराएवढं, मागे खोचायचं. ते खोचल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही आणि नवी मशिनं त्या कुलपाला ओळखत नाहीत. माझी इतक्या वर्षांची सगळी पानं त्या प्रोग्राममध्ये. इकडे मशीन असं मंदावलेलं की पत्रिकेत देवळाचा फोटो टाकला की पान हलायला तयार नाही. मी स्क्रीनला शिव्या घालायचे. तू पेपर वाचता वाचता म्हणायचास, "त्याला काय बोलतेस, त्याला ऐकू येत नाही." मी म्हणायचे, "तुला येतं ना?"

माझं म्हणणं सरळ होतं. झालं ते झालं, आता नवा लॅपटॉप घेऊ, नवा प्रोग्राम शिकू, गरज पडेल तशी जुनी पानं पुन्हा टाईप करू. तुझं म्हणणं, अख्खं मशीन कशाला बदलायचं, नुसता प्रोसेसर बदलू. म्हणजे तो चौकोनी, बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्याएवढा भाग, जो सगळं काम करतो. त्याच काळातला, त्याच बैठकीत, म्हणजे सॉकेटमध्ये बसणारा, पण दुप्पट ताकदीचा प्रोसेसर जुन्या बाजारात मिळतो, तो आणतो, बघ मशीन कसं पळतं. मी म्हटलं, "हा बोर्ड तो घेणार नाही. ज्या बोर्डावर सगळं बसवलंय तोच म्हातारा झालाय." त्यावर तू थेट मालवणीवर उतरलास. चेव आला की तू मालवणीवर उतरायचास. "वयनी, चालतलो म्हणजे चालतलोच. लिवन ठेव." मी काही लिहून ठेवलं नाही. पण तू घाटकोपरला भावेशभाईच्या दुकानातून तो प्रोसेसर घेऊन आलास. नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

आता तो दसरा आठव. पाटावर माझी कात्री, विळी, शिवणाचं मशीन खाली शेजारी, तुझे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता, झेंडू. मी कॉम्प्युटरला फूल वाहायला गेले तर तू अडवलंस. "डब्याला काय फुलं वाहतेस? काम कोण करणार आहे? हा." असं म्हणून तू तो नवा प्रोसेसर त्याच्या प्लास्टिकच्या डबीतून काढलास आणि पाटावर ठेवलास. मी म्हटलं, "अरे, असल्या नाजूक वस्तूला कुंकू लावतात का?" तर म्हणे, "विळीला लावतेस, कात्रीला लावतेस, याने काय घोडं मारलंय?" आणि ओलं बोट कुंकवात बुडवून तू त्याच्या पत्र्यावर टिळा लावलास. मग हात जोडून डोळे मिटून उभा राहिलास. तू एरवी देवापुढेही इतका वेळ उभा राहायचा नाहीस. तुझे दादा म्हणाले, "झालं का? श्रीखंड गरम होतंय." तू डोळे न उघडता म्हणालास, "थांबा, त्याला मुंबईच्या ट्रॅफिकबद्दल सांगतोय. सवय होऊ दे." मला हसू आवरेना. त्या दिवशी आपण किती हसलो रे.

दुसऱ्या दिवशी तू टिळा पुसलास, चांगला घासून पुसलास, कारण वर ती गार ठेवायची पेस्ट लावायची असते. जुना काढलास, नवा बसवलास, बटण दाबलंस. पंखा फिरला. स्क्रीन काळी. पुन्हा काढलास, पुन्हा बसवलास. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. जुना बसवला, मशीन चालू. नवा बसवला, काळोख. मी कमरेवर हात ठेवून उभी होतेच. म्हटलं, "जुना चालतो, नवा चालत नाही. आता आणखी काय पुरावा पाहिजे? बोर्ड घेत नाहीये." तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालास, "बायोस जुना आहे. म्हणून ओळखत नाहीये."

बायोस म्हणजे मशीन जागं होताना सगळ्यात आधी उठणारा प्रोग्राम, हेही तूच शिकवलेलं. त्याला नव्या प्रोसेसरची ओळख करून द्यायची तर जुनाच बसवून ठेवायचा आणि बायोस नवा भरायचा. त्यात मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून गेला. आपल्या घराची वायरिंग अशी की मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली की खटका पडलाच. म्हणून तू फर्मान काढलंस. मिक्सर नाही, इस्त्री नाही, गिझर नाही. मी पंखासुद्धा बंद केला. तुझे दादा घाम पुसत फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. तू म्हणालास, "दादा, फ्रीज उघडल्याने काही होत नाही." ते म्हणाले, "तू तुझं बघ. मी माझं बघतो." पडद्यावर ती पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आपण तिघं श्वास धरून तिच्याकडे बघत होतो. पट्टी पूर्ण झाली तेव्हा तुझ्या दादांनी टाळ्या वाजवल्या.

आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर पुन्हा काळोख.

मी म्हटलं, "झालं समाधान?"  प्रोसेसर डबीत ठेवलास, जुना बसवलास आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलास. थोड्या वेळाने मी चहा घेऊन आले तर म्हणालास, "वहिनी, चालला तर एकदा म्हणशील ना, तुझं बरोबर होतं म्हणून?" मी म्हटलं, "आधी चालू तर दे." तू मान डोलावलीस. दिवाळी आली, गेली. मध्ये तुला पुन्हा खोलायचं होतं, मी हात लावू दिला नाही. जत्रेच्या पत्रिकेचं काम अंगावर होतं आणि रोज उठून मशीन खोललं असतंस तर माझी वाट लागली असती. त्यात माझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. काम होतं ते होतं. शेवटी शनिवारी संध्याकाळी, मी भाजीला गेलेली बघून, तू पत्रा काढलासच. मी आले, आरडाओरडा केला. तू म्हणालास, "बरं बाई, उद्या मासे खाऊन बघू." आणि तो पत्रा तसाच भिंतीला टेकवून ठेवलास.

तुझं तेरावं झालं आणि परत बंगळूरला जायच्या आदल्या दिवशी ओंकार माझ्याजवळ येऊन बसला. चांगल्या मनानेच बोलत होता तो. "आई, पुढच्या महिन्यात येताना मी तुला लॅपटॉप घेऊन येतो. नवीन प्रोग्राम मी शिकवेन. हा डबा आता भंगारात देऊन टाकू. काका पण ना, उगाच त्याच्यात जीव अडकवून बसला होता." मी म्हटलं, "हो." इतकी वर्षं मी जे म्हणत होते तेच तो म्हणत होता, अगदी माझ्याच शब्दांत. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो गेल्यावर मी त्या टेबलापाशी बसले आणि मला एकदम कळलं की मला लॅपटॉप नको आहे. मला तू बरोबर ठरायला हवा आहेस. बाकी काही नको. मशीन भंगारात गेलं तर तू चुकलेलाच राहशील, कायमचा, आणि माझ्याच तोंडचं ते वाक्य, झालं समाधान, तेवढं खरं ठरेल. ते मला सहन होईना.

म्हणून मी घाटकोपरला भावेशभाईकडे गेले. त्या गल्लीत मी पूर्वी कधी गेले नव्हते, तूच जायचास. दुकान कसलं, जिन्याखालची जागा, जुने बोर्ड दोरीला माळेसारखे टांगलेले. मी माझी ओळख सांगितली. त्याला काही ठाऊक नव्हतं. "नंदूभाई? अरे, ऐसा कैसा भाभी? दिवाळीच्या आधी तर इथे बसून चहा पिऊन गेला." त्याने दुकानातलं गिऱ्हाईक थांबवलं आणि मला स्टुलावर बसवलं. मी त्याला प्रोसेसरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "प्रोसेसर तर ओके हाय. मी नंदूभाईसमोर माझ्या मशिनवर लावून दाखवला. माझ्याकडे चालला, तुमच्याकडे नाय चालला, मतलब बोर्ड." मी उठायला लागले. मग तो म्हणाला, "पण बघा हां, त्या बोर्डाचे दोन वर्जन येतात. एक नंबर असेल तर तो प्रोसेसर बिलकुल नाय घेणार. दो नंबर असेल तर बिनधास्त. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं. तुम्ही घेऊन या इकडे, मी बघतो."

मी म्हटलं, "नको. मी बघीन."

"भाभी, तुम्हाला येईल?"

"मला त्यानेच शिकवलंय."

घरी येताना रिक्षात मी मनात एकच म्हणत होते, दोन असू दे, दोन असू दे. आयुष्यात कुठला नवस मी इतक्या मनापासून बोलले नसेन. तुझे दादा झोपले होते. मी प्रूफं तपासायचं भिंग घेतलं, टेबल ओढून गॅलरीजवळ आणलं आणि त्या बोर्डाचा एक एक कोपरा शोधायला लागले. धूळ पुसली. पंख्याच्या खालच्या बाजूला, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. दोन.

म्हणजे बोर्ड तो प्रोसेसर घेणार होता. बायोस तू नवा भरलाच होतास. प्रोसेसर भावेशभाईकडे चालला होता. सगळंच जर बरोबर होतं तर मग चालत का नव्हतं? मी डबी उघडली. तू शिकवल्याप्रमाणे प्रोसेसर कडांनी धरला, खालच्या बाजूला बोट न लावता, आणि उलटा केला. खाली सोनेरी ठिपक्यांच्या ओळीच ओळी असतात, त्यांतूनच तो बोर्डाशी बोलतो. उन्हात धरून भिंगातून बघितलं तर एका कोपऱ्यातले ठिपके सोनेरी नव्हते. लाल होते. त्यांच्यावर काहीतरी सुकून बसलं होतं, आणि त्या लालात एक पिवळा कण.

कुंकू, नंदू. हळदकुंकू. वरचा टिळा तू घासून पुसलास, पण तो ठेवला कुठे होतास? पूजेच्या पाटावर, जिथे मी आधीच हळदकुंकू आणि पाण्याचे थेंब शिंपडून ठेवले होते. खालून त्याला लागलं ते आपल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. तू बायोस भरलास, आम्ही पंखे बंद करून घामाघूम झालो, तुझे दादा फ्रीज राखत बसले, आणि अडलं होतं ते तुझ्या स्वतःच्या पूजेवर. मला आधी हसू आलं. एकटीच खो खो हसले. अख्ख्या मुंबईत कोणाचा प्रोसेसर भक्तीने बंद पडला असेल तर तो आपल्या घरातला. हे तुला सांगायला वळले आणि तुझ्या स्टुलावर धुतलेले कपडे घडी घालायचे पडलेले दिसले. मग जे रडू आलं ते तू गेल्यापासून आलं नव्हतं. लोकांसमोर आलं ते वेगळं, त्यात थोडी लाज असते, थोडी रीत असते. हे तसं नव्हतं.

बराच वेळ मला ते पुसवेना. तुझी ती शेवटची पूजा. तुझ्या हातून घडलेलं, तुझ्या हसण्यासकट त्या कोपऱ्यात सुकून राहिलेलं. ते राहू द्यावं, डबी बंद करावी आणि देवघरात ठेवून द्यावी असं वाटलं. पण मग मशीन बंद राहणार, ओंकार येणार, आणि जो येईल तो म्हणणार की नंदूने उगाच हट्ट केला. तुझ्या आठवणीसाठी मी तुला खोटं पाडू का? तूच मला वेड्यात काढलं असतंस. म्हणाला असतास, "वहिनी, कुंकू काय, पुढच्या दसऱ्याला परत लावू."

तुझ्या दादांची साखर तपासायच्या वेळी लागतात ते स्पिरिटचे कापूस आणले. एका एका ठिपक्यावरून हलक्या हाताने फिरवले. कापूस गुलाबी झाला. तो मी टाकलेला नाही, आणि कुठे ठेवलाय ते कोणालाही सांगणार नाही. मग पंखा उतरवून जुना प्रोसेसर काढला, बोर्डावरच्या बैठकीतल्या त्या केसासारख्या तारा भिंगातून तपासल्या, ओंकारचा जुना चित्रकलेचा ब्रश फिरवला. खाच खाचेत जुळवून प्रोसेसर ठेवला. ती लोखंडी दांडी खाली दाबताना जो करकर आवाज येतो तो मला कधीच सहन झालेला नाही. दर वेळी मी कान झाकायचे आणि तू मुद्दाम सावकाश दाबायचास. काल कान झाकायला हात मोकळे नव्हते. पेस्ट लावली, पंखा बसवला, वायर खोचली. तेवढ्यात खालून सोसायटीच्या पंपाचा आवाज आला आणि मी बटणापासून बोट दूर केलं. पंपाचा आणि आपल्या विजेचा काही संबंध नाही हे तू मला हज्जारदा सांगितलंयस. तरी मी पंप थांबेपर्यंत बसून राहिले.

बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी.  मग एकदाच बारीक आवाज झाला, टिक् असा, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. पहिल्याच ओळीत त्याचं नाव होतं. जुन्याचं नाही, नव्याचं. तुझ्या प्रोसेसरचं. पूर्ण नाव, आकड्यांसकट. मशीन थांबलं नाही, अडलं नाही, सरळ पुढे गेलं. मी माझा प्रोग्राम उघडला, जत्रेची पत्रिका उघडली, देवळाचा फोटो होता ते पान ओढलं आणि ते पान असं सरकलं की मी घाबरून हात मागे घेतला.

किती वेळ बसून होते कोण जाणे. त्या पानावर दशावताराची वेळ, पालखीची वेळ, मानकऱ्यांची नावं, सगळं नीट होतं. ते कोणीतरी मोठ्याने वाचायला हवं होतं. तू माझ्यामागे उभा राहून माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघायला हवा होतास. तुझा चहाचा वास, तुझं ते "बघ बघ" करत माझ्या खुर्चीला धक्के देणं, आणि नंतर दिवसभर घरातून फिरताना गुणगुणणं, ते सगळं मला त्या क्षणी हवं होतं, आणि त्यातलं काहीही मिळणार नाही हेही कळत होतं. मी त्या पडद्याकडे बघून हळूच म्हटलं, "तुझं बरोबर होतं रे."

तुझे दादा कधी उठून दारात येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. कोणाशी बोलतेस, असं त्यांनी विचारलं नाही. पुढे येऊन स्टुलावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि तुझ्या स्टुलावर बसले.

"परत म्हण," ते म्हणाले. "जरा मोठ्याने म्हण. त्याला एका हाकेत कधी ऐकू आलंय?"

मी मोठ्याने म्हटलं.